स्मायलीचा तिसरा सेण्ड-ऑफ

ऑफिसातला सेण्ड-ऑफ कसा असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाच वाजता कॉन्फरन्स रूममध्ये केक, वेफर्स, समोसे. एचआरवाली दोन शब्द बोलते, बॉस चार बोलतो, सत्कारमूर्तीच्या डोळ्यांत पाणी येतं. शाल-श्रीफळ घेऊन माणूस घरी जातो. आणि दोन महिन्यांनी बघावं तर तोच माणूस गळ्यात व्हिजिटरचं कार्ड अडकवून कॉफी मशीनपाशी उभा! ‘कन्सल्टंट म्हणून बोलावलंय रे...’ आता याच्याशी वागायचं कसं? आनंद होतो, नाही असं नाही. पण आपण वर्गणी काढून घेतलेलं ते घड्याळ त्याच्या मनगटावर दिसतं आणि कुठंतरी फसवल्यासारखंही वाटतं.

जॉर्ज स्मायलीच्या बाबतीत वाचकांचं नेमकं हेच झालं. त्याचा सेण्ड-ऑफ एकदा नाही, तीनदा झाला. 1979 मध्ये, मग 1990 मध्ये आणि मग चक्क 2017 मध्ये. आणि त्या तिसऱ्या सेण्ड-ऑफवरून त्याचे चाहते अजून भांडतायत. या लेखासाठी म्हणून मी ओळखीतल्या सगळ्या स्मायलीवाल्यांना फोन केले, एकच प्रश्न विचारायला : ते शेवटचं पुस्तक लिहायला हवं होतं का? दहा मिनिटांत आटपतील असे वाटलेले फोन तास-तासभर चालले. एकाने तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला परत फोन केला, ‘काल एक मुद्दा राहिला’ म्हणून.

(पुढे तीन-चार पुस्तकांचे शेवट फोडणार आहे. ज्यांना वाचायचीत त्यांनी इथेच थांबावं. किंवा थांबू नये. ही पुस्तकं शेवट माहीत असूनही वाचता येतात, हीच तर गंमत आहे.)

आता स्मायली कोण, असं विचारणाऱ्यांनी ओशाळायचं कारण नाही. बॉण्डला जी पब्लिसिटी मिळाली तिच्या पासंगालाही याची पुरत नाही. जॉन ल कॅरे या ब्रिटिश लेखकाचा हा हेर. ल कॅरे हे टोपणनाव, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. एमआय-फाईव्ह आणि एमआय-सिक्स अशा दोन्हीकडे नोकरी केलेला माणूस. त्यामुळे त्याच्या कादंबऱ्यांत हेरखातं म्हणजे अगदी आपल्या ऑफिससारखं ऑफिस असतं. फायली, मेमो, प्रमोशनचं राजकारण, जिन्यातली कुजबुज. लंडनच्या केंब्रिज सर्कसजवळ हापिस, म्हणून त्याचं घरगुती नाव ‘सर्कस’. आणि स्मायली? बुटका, जाडा, टायच्या टोकाने चष्मा पुसत बसणारा. कपडे महागाचे, पण अंगाला न बसणारे. बायको सुंदर, खानदानी आणि वारंवार दुसऱ्या कुणाबरोबर तरी निघून जाणारी. 1961 सालच्या ‘कॉल फॉर द डेड’ या पहिल्याच कादंबरीत ती एका क्यूबन रेसिंग ड्रायव्हरबरोबर गेलेली असते. असा हीरो!

पण एकदा हा माणूस आवडला की आवडला. मग बॉण्ड म्हणजे नुसता घड्याळाची जाहिरात करणारा वाटायला लागतो.

त्याचा पहिला सेण्ड-ऑफ झाला ‘स्मायलीज पीपल’मध्ये. आणि काय झाला, बॉस! त्याची सुरुवात आपल्याकडची आहे, हे मला फार आवडतं. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या 1974च्या कादंबरीत स्मायली एका रात्री जुनी आठवण सांगतो. 1950च्या दशकातली दिल्ली, जीव नकोसा करणारा उन्हाळा, तुरुंगातली खोली. समोर एक रशियन हेर. मॉस्कोला परत गेलास तर मारतील, त्यापेक्षा आमच्याकडे ये, म्हणून स्मायली त्याला तासन्‌तास पटवतोय आणि तो माणूस एक शब्द बोलत नाही. स्मायली त्याच्यापुढे सिगारेटी ठेवतो, आपला लायटर देतो. बायकोने प्रेमाने दिलेला, नाव कोरलेला लायटर. तो माणूस सिगारेटी तशाच टाकून जातो. लायटर मात्र घेऊन जातो.

तोच पुढे मॉस्कोतला बडा धेंड होतो. त्याचं सांकेतिक नाव कार्ला. (आपल्याला कार्ला म्हटलं की एकवीरा आई आठवते. पहिली पन्नास पानं मी तो पुरुष आहे हेच विसरत होते.) आणि ‘स्मायलीज पीपल’च्या शेवटी हा कार्ला बर्लिनचा पूल ओलांडून चालत येतो, शरण. स्मायलीने त्याला कशावर आणलेलं असतं? बंदूक नाही, पैसा नाही. कार्लाची एक मुलगी असते, मनाने आजारी, परदेशात लपवून ठेवलेली. स्मायली त्या मुलीवरून बापाला कोंडीत पकडतो. पूल ओलांडून आल्यावर कार्लाच्या हातून तो लायटर खाली पडतो. स्मायली तो उचलत नाही.

संपलं. याहून चांगला शेवट हेरकथेत झालेला नाही, असं माझं मत आहे आणि यावर मी कोणाशीही कुठेही भांडायला तयार आहे.

दुसरा सेण्ड-ऑफ, ‘द सीक्रेट पिलग्रिम’, त्यामानाने खरंच ऑफिसातल्यासारखा. नव्या भरतीच्या पोरापोरींसमोर स्मायलीचं भाषण, आठवणी, शेवटी आता मला परत बोलावू नका असं सांगून तो जातो. बर्लिनची भिंत पडून गेलेली, काम संपलेलं. छान. चला, निघा.

आणि मग सत्तावीस वर्षांनी, सप्टेंबर 2017 मध्ये, वयाच्या 85व्या वर्षी, ल कॅरेने ‘अ लेगसी ऑफ स्पाईज’ काढलं.

यात स्मायली नाहीच म्हणाना. शेवटच्या थोड्या पानांत येतो. गोष्ट सांगतो तो त्याचा जुना चेला पीटर गिलम. आता म्हातारा, फ्रान्समध्ये ब्रिटनीला शेतावर राहतो. एक दिवस लंडनहून पत्र येतं : या, जरा बोलायचंय. तो जातो. सर्कस आता राहिलेली नाही, थेम्सच्या काठी मोठी चकाचक इमारत आहे, आणि बोलायचं आहे ते वकिलांना. का? तर अर्ध्या शतकापूर्वीचं एक जुनं ऑपरेशन वर आलंय. त्यात मेलेल्या दोघांची मुलं कोर्टात खेचायला निघालीत.

ते दोघं म्हणजे ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या 1963च्या कादंबरीतले ॲलेक लीमस आणि लिझ गोल्ड. लीमस हा थकलेला हेर. लिझ लायब्ररीत काम करणारी साधी पोरगी, कम्युनिस्ट पार्टीची मेंबर, लीमसच्या प्रेमात पडलेली. तिला काही म्हणजे काही माहीत नसतं. लंडनचा एक माणूस पूर्व जर्मनीच्या हेरखात्यात वरच्या खुर्चीवर बसलेला असतो, त्याला वाचवण्यासाठी या दोघांना प्याद्यासारखं वापरलं जातं आणि बर्लिनच्या भिंतीवर दोघं गोळ्या खाऊन मरतात. लीमसला तर सुटायची संधी असते. लिझ पडल्यावर तोच परत खाली उतरतो.

म्हणजे जगभरच्या वाचकांनी ज्यांच्यासाठी डोळे पुसून पुस्तक कपाटात ठेवलं होतं, त्यांचीच पोरं 2017 मध्ये कपाटातून बाहेर आली. भांडण इथेच आहे.

सगळ्यात सोपी तक्रार वयाची. हिंजवडीत कोडिंग करणारा माझा एक मित्र 2011चा गॅरी ओल्डमनचा सिनेमा बघून स्मायलीच्या नादी लागला. मग एका पावसाळ्यात त्याने सगळी पुस्तकं लायनीने वाचून काढली आणि, मी थट्टा करत नाहीये, एक्सेल शीट केली. पात्रं उभी, पुस्तकं आडवी, चौकोनात वय. पहिल्या कादंबरीत स्मायली 1928च्या जुलैत नोकरीच्या इंटरव्ह्यूला जातो. म्हणजे जन्म 1906-07च्या आसपासचा. म्हणजे 2017 मध्ये स्मायली एकशे दहाचा! ‘एवढ्या वर्षांत पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला किती वेळा मागितला असेल,’ मित्र म्हणाला. ल कॅरेने नंतर गुपचूप तारीख पुढे ढकलली होती, ‘टिंकर टेलर’मध्ये स्मायली 1937 मध्ये लागलाय. तरी शंभरी चुकत नाही.

हिशेब चोख आहे. पण मला त्यात फारसा जीव वाटत नाही. कॉमिक्समधला फॅण्टम म्हातारा होत नाही, बॉण्ड होत नाही, त्यांना कोणी जन्मदाखला मागत नाही. आणि खरं तर मित्राचाही राग वयावर नव्हता. अर्ध्या तासाने तो बाहेर आला. ‘लिझला मुलगी होती हे 1963 मध्ये कुठे लिहिलंय? एका ओळीत तरी?’

नाही लिहिलेलं. 1963ची लिझ विशीतली, एकटी राहणारी. तिला आधीच एक मूल झालंय असं कुठे सूचित केलेलं नाही. म्हणजे ल कॅरेने ही मुलगी मागाहून आणली, गोष्टीला हवी म्हणून. माझ्या मित्राला हा चीटिंगचा मामला वाटतो. क्रिकेटमध्ये डाव घोषित केल्यावर बॅट घेऊन परत आल्यासारखा. मला वाटतं, लेखकाने स्वतःच्याच पुस्तकावर केलेली ही फसवणूक त्याला माफ आहे. पण मित्राच्या बाजूने बोलायचं तर, मुलांना बोलावणं सोपं असतं. मुलं आली की वाचक आपोआप विरघळतो. ल कॅरे इथे तेवढा घसरत नाही. लीमसचा मुलगा क्रिस्टोफ काही बिचारा वगैरे नाही. दांडगट आहे आणि पैशाची भाषा करतो. त्याच्याशी फार सहानुभूती वाटत नाही आणि तरी त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

फोर्टमध्ये लेबर लॉची प्रॅक्टिस करणारी माझी मैत्रीण मात्र या पुस्तकावर फिदा आहे. तिला स्मायलीशी घेणं नाही, गिलमशी नाही, तिला आवडतात ते हेरखात्याचे वकील. बनी नावाचा एक आहे आणि त्याच्याबरोबर लॉरा. चहा-पाणी विचारतात, गोड बोलतात, आपण सगळे एकाच बाजूचे ना, म्हणतात, आणि हळूच विचारतात, ती फाईल कुठे गेली? गिलमचं एकच उत्तर, आठवत नाही. ‘मी दर आठवड्याला हेच बघते,’ ती म्हणाली. ‘डिपार्टमेण्टल एन्क्वायरीत पन्नाशीचा माणूस समोर बसतो आणि आठवत नाही म्हणतो. कधी त्याला खरंच आठवत नसतं. कधी आठवायचं नसतं. आणि कधी कधी ना, त्याला स्वतःलाच माहीत नसतं यातलं कुठलं.’ तिच्या मते ज्यांनी कधी नोकरीत कुठल्या कागदावर सही केली नाही, त्यांनी या पुस्तकावर मत देऊ नये. मी फ्रीलान्सर आहे, त्यामुळे गप्प बसले.

मधली जुन्या रिपोर्ट्‌सची पानं अनेकांना जड जातात, हे मान्य. तार, मेमो, तपशील, पुन्हा मेमो. दोघांनी तर तिथेच पुस्तक सोडलं. पण टिकून राहिलात तर त्या कोरड्या कागदांत एक बाई भेटते, पूर्व जर्मनीतून पळवून आणलेली, आपला लहान मुलगा मागे ठेवून आलेली. कोडनेम ट्यूलिप. गिलम तिच्या प्रेमात असतो आणि ती इंग्लंडमध्ये सुखरूप पोहोचूनही वाचत नाही. या बाईसाठी तरी पुस्तक वाचा.

आता खऱ्या भांडणाकडे येते. पुलावर पुस्तक संपलं असं मानणाऱ्या कट्टर मंडळींचा आरोप असा, की या शेवटच्या पुस्तकाने आमचा स्मायली बाटवला. इतकी वर्षं तो चिखलात उभा राहूनही पाय स्वच्छ ठेवणारा माणूस होता. लीमसचं ते घाणेरडं ऑपरेशन त्याच्या बॉसचं, कण्ट्रोलचं. स्मायलीला ते पसंत नव्हतं, असं 1963च्या पुस्तकात म्हटलंय की. मग 2017 मध्ये त्याला त्या कटात एवढा आत का ओढला?

मी या फोनांनंतर 1963चं पुस्तक पुन्हा काढलं. एका रात्रीत होतं, दोनशे-सव्वादोनशे पानांचं आहे. आणि गंमत बघा. पसंत नव्हतं असं म्हटलंय, ठीक. पण लीमस नाहीसा झाल्यावर लिझच्या घरी कोण येतं? स्मायली येतो. सभ्यपणे चौकशी करतो. काही लागलं तर कळव म्हणून आपलं कार्ड देतो, त्यावर त्याचं खरं नाव आणि चेल्सीतल्या घराचा पत्ता. लिझच्या खोलीच्या भाडेपट्ट्याचे पैसेही परस्पर भरले जातात. वाचताना आपल्याला काय वाटतं? वा, भला माणूस! पुढे पूर्व जर्मनीतल्या खटल्यात नेमकी हीच भेट, हेच पैसे पुरावा म्हणून उभे राहतात. लंडनने लीमसला सोडलेलंच नव्हतं हे त्यावरून सिद्ध होतं, लीमसची गोष्ट कोसळते आणि लंडनला जे हवं होतं ते घडतं. तो भलेपणाच सापळा होता. आणि शेवटी भिंतीपलीकडे, पश्चिमेच्या बाजूला, कोणाचा आवाज येत असतो? स्मायलीचाच.

म्हणजे 2017च्या पुस्तकाने स्मायलीला नवीन काही चिकटवलेलं नाही. ते कार्ड 1963पासून तिथेच होतं. आपण ते भल्या माणसाचं कार्ड म्हणून वाचत आलो, कारण स्मायली आपला लाडका. आणि हे पटलं की मग तो प्रसिद्ध पूलही पूर्वीसारखा राहत नाही. आजारी मुलीवरून बापाला अडकवणारा माणूस लायटर का उचलत नाही, हे 1979चं पुस्तकही सांगतच होतं. आपण टाळ्या वाजवण्यात दंग.

हे सगळं मी मोठ्या मामाला फोनवर ऐकवलं. वाटलं, खूश होईल. कारण मला ल कॅरे दिला तो त्यानेच.

मामा पंचाहत्तरीचा आहे. गिरणगावात वाढला, लायब्ररीतून आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसला गेला. अर्नाळकरांनी हजारांहून जास्त लिहिल्या, झुंजार काय, काळा पहाड काय, मामाला अजून नावं तोंडपाठ. मग फोर्टच्या फुटपाथवरून हॅडली चेस, आणि चेससोबत कधीतरी चुकून ल कॅरे. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलेला. ‘झुंजार रिटायर झालेला मला आठवत नाही,’ तो म्हणतो, ‘तो आपला दर आठवड्याला नवा. हा स्मायली पहिला, ज्याचं वय झालं.’ पूल ही त्याच्या लेखी स्मायलीची अखेर. 2017चं पुस्तक मीच त्याला दिवाळीत दिलं होतं, ते त्याने अर्धं वाचून ठेवून दिलं. मी समजत होते, हाही कट्टर पूलवाला.

‘मुलं येऊन हिशेब मागतात ना त्यात,’ मामा म्हणाला, ‘त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही गं. मागावाच. पण मागायचा कोणाकडे? वरचे सगळे मेले, नाही तर सापडत नाहीत. मग धरा गिलमला. तो टायपिस्ट!’

मामा एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. कुठली गिरणी ते लिहू नको, म्हणालाय. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, एवढं मला माहीत होतं. घरात त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. कामावर न आलेल्यांच्या याद्या टाइम ऑफिसात व्हायच्या, हे मात्र मला माहीत नव्हतं. आणि यादीवरून कामावरून कमी केल्याच्या ऑर्डरी टाइप करायचं काम मामाकडे होतं, हेही. नाव, तिकीट नंबर, खातं, पत्ता. पत्ता कधी गावचा, कधी चाळीतला. कधी आपल्याच चाळीतला.

‘मामा, पण गिलम नुसता टायपिस्ट नव्हता,’ मी म्हटलं. ‘त्याला बरंच माहीत होतं.’

‘मलाही माहीत होतं,’ मामा म्हणाला.

मग त्यानेच सांगितलं. तो आता डोंबिवलीला राहतो, पण गणपतीला दरवर्षी जुन्या चाळीत जातो. काही वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या एकाचा मुलगा भेटला. टुरिस्ट गाडी चालवतो. आपल्याकडे असतं तसं, आधी नमस्कार केला, तब्येत विचारली, मुलगा काय करतो विचारलं. आणि मग म्हणाला, ‘काका, आमच्या बाबांची ऑर्डर तुम्हीच टाइप केली होती ना?’

‘तू काय म्हणालास?’

‘हो म्हटलं.’

‘मग?’

‘मग काय, आरती सुरू झाली.’

यावर मला काही सुचलं नाही. बिल वाढेल म्हणून मामानेच फोन ठेवला. कॉल आता फुकट असतात, यावर त्याचा अजून विश्वास नाही.

तेव्हा ‘हे पुस्तक नको होतं’ म्हणणाऱ्यांची एक तऱ्हा अशीही असू शकते, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्या हिंजवडीवाल्याला पुस्तक नको, कारण त्याची एक्सेल शीट बिघडते. मामाला नको, कारण ते त्याला नीट कळतं. दोघांचंही मत ‘नको’. रेटिंगचे तारे मोजले तर सारखेच भरतील.

स्वतः ल कॅरेला हे पुस्तक का हवं होतं, याचं उत्तर लंडनला राहणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे आहे. म्हणजे ती तरी तसं म्हणते. ती तिकडे शिकायला गेली, नोकरीला लागली, आणि 23 जून 2016च्या मतदानात ब्रिटनने 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी युरोपियन युनियन सोडायचं ठरवलं त्यावरून तिच्या ऑफिसात लंच टेबलावर दोन गट पडलेले तिने पाहिले. शेवटच्या पानांत गिलम स्मायलीला शोधत जर्मनीत फ्रायबुर्गला जातो, तो तिथल्या लायब्ररीत पुस्तकं घेऊन बसलेला सापडतो. एवढी माणसं मारली, मरू दिली, ती कशासाठी, या प्रश्नावर स्मायलीचं उत्तर काय? इंग्लंडसाठी नाही. भांडवलशाहीसाठी तर नाहीच. झालंच तर युरोपसाठी. मैत्रीण म्हणते, ट्रेनमध्ये ते पान वाचताना मी रडले. दुसरी बाजू अशी, की हे भाषण स्मायलीचं नसून ल कॅरेचं आहे, ब्रेक्झिटवर चिडलेल्या एका म्हाताऱ्याचं. तेही खरं असणार. ल कॅरे एवढा चिडला होता, की मरण्याआधी त्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. डिसेंबर 2020 मध्ये तो गेला.

मला विचाराल तर भाषण जरा मोठंच आहे आणि उत्तर म्हणून तोकडं आहे. लिझला ‘युरोपसाठी’ असं सांगून बघा. ल कॅरेला ते कळत नव्हतं असं वाटत नाही. कारण स्मायली बोलतो आणि गिलम ऐकून घेतो, पण त्याचं समाधान झालंय असं काही वाटत नाही.

अर्थात मालिका कशी संपू नये, याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. इयन फ्लेमिंग ऑगस्ट 1964 मध्ये वारला आणि त्याची बॉण्डची शेवटची कादंबरी ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ 1965 मध्ये आली, शेवटचा हात न फिरवलेली, आणि वाचताना ते जाणवतं. लुडलमचा बॉर्न तर लुडलम 2001 मध्ये गेल्यावर दुसऱ्या लेखकाच्या हाती 2004 मध्ये परत कामावर हजर झाला. त्या मानाने ल कॅरेने स्वतःच्या हाताने, शुद्धीत, आपल्या आवडत्या माणसाची फाईल उघडली. निवृत्तीनंतर गुपचूप फाईल जाळणारे साहेब आपण बघतो.

आणि तरीही शेवटचं पुस्तक शेवटचं राहिलेलं नाहीच! ऑक्टोबर 2024 मध्ये ल कॅरेच्या मुलाने, निक हार्कवेने, ‘कार्लाज चॉईस’ लिहिलं. काळ 1963चा, लीमस मेल्यानंतर लगेचचा. म्हणजे जिथून सगळं दुखणं सुरू झालं, त्याच जागी मुलगा जाऊन बसला. हिंजवडीवाल्याने एक्सेल शीटमध्ये नवा कॉलम टाकलाय आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे या वेळी तारखा जुळतायत, त्यामुळे तो प्रसन्न आहे. वकीलबाईंनी अजून वाचलेलं नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी : आधी 1963चं, लगेच दुसऱ्या रात्री 2017चं. मध्ये श्वास घेऊ नका. ‘टिंकर टेलर’ आणि ‘स्मायलीज पीपल’ सवडीने, सुट्टी काढून. 1977चं ‘द ऑनरेबल स्कूलबॉय’ फारच लांबण आहे, ते हाँगकाँगची फ्लाईट असेल तरच. माझी 2017ची प्रत मात्र मागू नका. ती डोंबिवलीला आहे. परवा मामाचा मेसेज आला, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण उरलेलं अर्धं आता वाचायला घेतलंय, घाई करू नकोस.